तुरीत शिंकलं कोण

ती शिंक आली नसती, तर माझं प्रशिक्षण दिवाळीनंतर लगेच सुखरूप पार पडलं असतं आणि लालीबाई राठोड आजही तांड्यातच बसून असत्या. म्हणून शिंकेला अपशकुन म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

मी दिपाली. माहेर बाभुळगाव, सासर बाभुळगाव, नोकरी यवतमाळात, एका संस्थेत समुपदेशक म्हणून. परीक्षेची भीती, झोपेची तक्रार, सासू-सुनेचं वाजणं, असली कामं बरीच वर्षं केल्यावर मला वाटायला लागलं, की आपल्याला आता सगळं येतं. असं वाटू लागलं की माणसाने पुढचं शिकायला जावं, नाक आपोआप जमिनीवर येतं. मी मनाच्या गुंतागुंतीच्या आजारांसाठी असलेल्या सीबीटीच्या प्रगत प्रशिक्षणाला नाव नोंदवलं. सीबीटी म्हणजे काय, तर माणसाचा विचार, त्याची भीती आणि त्याचं वागणं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेले असतात. त्यांना त्याच माणसाच्या मदतीने सोडवायचं. सांगायला सोपं आहे. पुरणपोळीही सांगायला सोपीच असते.

प्रशिक्षणात एक अवघड केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायची होती. पेशंटच्या परवानगीने रेकॉर्डिंग करायचं आणि ते ऑनलाइन आमच्या सुपरव्हायजर मॅडमना ऐकवायचं. मॅडम पुण्याच्या. आवाज गोड, कान तिखट. त्या कधीही रागवत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

माझी केस म्हणजे लालीबाई. बाभुळगाव रस्त्याला एक फाटा फुटतो, त्या फाट्यापासून आत त्यांचा बंजारा तांडा. एके काळी यवतमाळच्या बाजारात एकट्या जाऊन कापड दुकानदाराला रडवून भाव पाडणारी ही बाई. तीन वर्षांपूर्वी एसटीने परत येताना त्यांची छाती एकदम आवळली, हातपाय बधिर झाले, घाम फुटला आणि त्या दोन सिटांच्या मधल्या जागेत कोसळल्या. शेजारी नवरा, अमरसिंग. त्यांनी "लाली गेली" म्हणून असा काही टाहो फोडला, की ड्रायव्हरने गाडी थेट दवाखान्यात नेली. हृदय ठणठणीत निघालं. मग नागपूरला दाखवलं, तिथेही ठणठणीत. पण त्या दिवसापासून लालीबाई सेवालाल महाराजांच्या देवळापुढचा पांढरा झेंडा ओलांडून गेल्या नाहीत. झेंड्यापुढे पाऊल टाकलं की पाय लटपटत, आणि त्यांना खात्री वाटे की आता आपण चाललो.

घरातल्या घरातही त्यांच्याजवळ एक पिशवी असे. तोंड कोरडं पडलं तर पाण्याची बाटली, चक्कर आली तर हुंगायला कांदा, मळमळलं तर लिंबू. शिवाय एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या नाडीवर. आमच्या शास्त्रात याला सेफ्टी बिहेवियर म्हणतात. मी म्हणायचे कुबड्या. पाय धड असताना कुबडी घेतली की पाय चालायचं विसरतो, आणि माणसाला वाटतं की कुबडी होती म्हणून वाचलो.

"पण आता कुबड्या टाकाच लागन," लालीबाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "माही बबिता पोलिसात लागली. अकोल्याले ट्रेनिंग चालू हाय. जानेवारीत तिची परेड हाय, आन घरटी दोनच माणसं आत सोडतात म्हणे. पोरगी वर्दीत चालन तवा मी तथी पाह्यजे. मेली तरी चालन, पण तथीच मरतो."

"मरायचं नाही काकू, फक्त जायचं," मी म्हटलं.

"तू म्हणशीन तसं."

तर एवढंच पाहिजे होतं. गर्दीच्या मैदानात, पोरीच्या परेडला, ही बाई उभी राहिली पाहिजे.

आम्ही भीतीची शिडी बनवली. खालची पायरी झेंडा ओलांडायचा, मग विहिरीपर्यंत, मग फाट्यापर्यंत, मग एसटीत, मग यवतमाळच्या बाजारात. माझ्यासोबत विहिरीपर्यंत झालं. आता फाट्यापर्यंत एकटीने जायची पाळी आली आणि नायक आडवे आले. नायक म्हणजे तांड्याचे प्रमुख, देवसिंग. मिशा पांढऱ्या, शब्द कमी, आणि प्रत्येक शब्द दगडावर कोरल्यासारखा.

"मॅडम, आमच्या आज्याचा आजा बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरला. रस्त्यात कोणी आजारी पडलं तं सारा तांडा थांबे. बैलं सोडत, चुली मांडत, आन त्याले बरं वाटलं की मंगच निघत. दुखणाईत माणसाले आमी एकटं चालू देत नाही."

मी त्यांना बराच वेळ समजावलं. एकटं चालणं हेच औषध आहे, सोबत गेलात तर औषधात पाणी पडेल, वगैरे. नायकांनी मन लावून ऐकलं. मग मिशीवर हात ठेवून म्हणाले, "बाईसंगं कोणी जाणार नाही. नायकाचा शब्द."

नायकांनी शब्द पाळला, हे मला पुढे मान्य करावंच लागलं.

ठरल्या दिवशी मी फाट्यावर थांबले. लालीबाई झेंड्यापासून निघाल्या, पिशवीत माझा फोन रेकॉर्डिंग करत ठेवलेला. चालता चालता भीती शंभरातून किती ते मोठ्याने बोलायचं, असं ठरलं होतं. गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि डोक्याच्या वर गेलेली तूर, पिवळीधमक फुललेली. थोड्या वेळाने त्या तुरीच्या भिंतीमधून लालीबाई अवतरल्या. पावलं ठाम, चेहरा हसरा.

"किती?" मी विचारलं.

"निघाली तवा नव्वद होती. आता वीस बी नाही."

मी त्यांना मिठी मारली. इतक्या झपाट्याने भीती उतरलेली मी कधी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, दिपाली, तुझ्या हाताला गुण आहे. संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात ते रेकॉर्डिंग मॅडमना पाठवलं.

"छान," मॅडम स्क्रीनवरून म्हणाल्या. "फक्त एक सांगा दिपाली. क्लायंट एकट्या होत्या ना?"

"हो मॅडम, पूर्ण एकट्या."

"मग शिंकलं कोण?"

त्यांनी तो तुकडा ऐकवला. लालीबाईंचा आवाज, "आता पन्नास." मग एक दणदणीत, मिशांतून आलेली शिंक. मग गोर बोलीत, म्हणजे तांड्याच्या भाषेत, कुणीतरी दबक्या आवाजात झापलं. मग शेळी ओरडली आणि अर्ध्यातच तिचं तोंड कुणीतरी दाबलं.

"ही शेळीसुद्धा क्लायंटच्या ओळखीची असेल का?" मॅडमनी गोड आवाजात विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यात पोचले ती भांडायच्याच तयारीने. काही शोधून काढावं लागलं नाही. कुणी लपवतच नव्हतं. आदल्या दिवशी सगळा तांडा तुरीत होता, हे सगळ्यांनीच सांगितलं. लालीबाईंचा मुलगा राजकुमार मोटारसायकल ढकलत तुरीच्या ओळीतून चालला होता, किल्ली लावलेली. शेजारची धनीबाई जादा कांदा घेऊन होती. अमरसिंग आणि आणखी तिघे एक बाज उचलून वाकून चालले होते, लालीबाई पडल्याच तर घालून न्यायला. शेळी घरी एकटी ओरडेल म्हणून आणलेली. आणि सर्वांत पुढे नायक. त्यांना तुरीच्या फुलोऱ्याने शिंका येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"नायक, तुम्ही शब्द दिला होता," मी म्हटलं.

"दिला. बाईसंगं कोणी गेलं नाही. बाई वाटेनं गेली, आमी तुरीतून गेलो." त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेची रेघसुद्धा नव्हती.

मी लालीबाईंकडे वळले. "आणि तुम्हाला माहीत होतं?"

"दिसून राह्यलते ना. धनीबाईच्या ओढणीचे आरसे चमकत होते तुरीत. चमकत होते म्हणूनच तं मी चालली."

म्हणजे माझ्या हाताचा गुण धनीबाईच्या ओढणीत होता. मी मॅडमना फोन लावला आणि न लाजता रडकुंडीला आले.

"क्लायंटची सगळ्यात मोठी कुबडी कोणती निघाली?" मॅडमनी विचारलं.

"तांडा."

"मग भीती फक्त क्लायंटलाच आहे का?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या प्रश्नावर चरफडले, कारण तो बरोबर होता.

पुढच्या रविवारी मी कडुलिंबाखाली अख्खा तांडा बसवला. लालीबाईंना म्हटलं, आज तुम्ही नुसतं ऐका, आज पेशंट हे आहेत. नायकांना हे पेशंट होणं अजिबात आवडलं नाही. आमच्याकडे एक साधी रीत शिकवतात. माणूस भीती सांगतो, आपण विचारायचं, "मग?" तो पुढचं सांगतो, पुन्हा "मग?" भीतीचा तळ लागेपर्यंत.

"लालीबाई एकट्या गेल्या तर काय होईल?" मी नायकांना विचारलं.

"पडन."

"मंग?"

"मंग... कोणी उचलणार नाही."

"मंग?"

नायकांनी मिशीवर हात नेला. त्यांच्याऐवजी अमरसिंग बोलले, जमिनीकडे बघत. "मॅडम, त्या दिवशी एसटीत ही पडली, तं लोकाईनं पाय वर घेतले. एकानं आपली थैली सरकवली, हिच्याखाली दबू नये म्हणून. हात कोणी लावला नाही. मी बोंबललो म्हणून डायवरनं मागं पाह्यलं. मी नसतो तं?"

इतके दिवस मी त्या टाह्याला नवऱ्याचा भित्रेपणा समजत आले होते. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

"मी शुद्धीत होती," लालीबाई मागून म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. "मले त्या थैलीवाल्याचे जोडे दिसून राह्यलते. मरायचं भेव नाही मले. पण मी कोण, कोणाची, हे कोणाले मालूम नाही, अशा जागी मरायचं भेव हाय."

तीन वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या बोलल्या आणि अमरसिंग सगळ्यांदेखत रडले, आणि धनीबाईने त्यांना हुंगायला कांदा दिला.

मग सुरू झाला तांड्याचा उपचार. लालीबाई फाट्यावर जाणार, आणि तोवर बाकी सगळ्यांनी लिंबाखाली रस्त्याकडे पाठ करून बसायचं. वळायचं नाही, फोन करायचा नाही, भीती वर चढेल तशी चढू द्यायची, ती आपली आपण उतरते. पहिल्या दिवशी नायकांची भीती पंचाण्णववर गेली. ते स्वतःचीच नाडी धरून बसले. राजकुमारने कारण नसताना मोटारसायकल तीनदा पुसली. अमरसिंग बाजेचा पाय घट्ट धरून डोळे मिटून होते. धनीबाईला चक्कर यायला लागली, तिने कांदा हुंगला आणि मग खाऊनच टाकला. लालीबाई परत आल्या तेव्हा त्या एकट्याच ताज्यातवान्या होत्या.

"मॅडम, हे औषध लय कडू हाय," नायक मला म्हणाले.

"दुपारी पुन्हा घ्यायचं आहे," मी म्हटलं. मला थोडा आनंद झाला, हे नाकारत नाही.

पण औषध लागू पडलं. काही दिवसांनी लिंबाखाली गप्पा सुरू झाल्या, मग पत्ते आले. एका दुपारी मी पोचले तर डाव असा रंगला होता, की लालीबाई फाट्यावर जाऊन परत आल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मी जाऊन आली आन कोणी इचारलं बी नाही," त्या फणकारल्या.

"पान टाक रे," नायक अमरसिंगना म्हणाले.

त्यानंतर एसटी झाली, यवतमाळचा बाजार झाला. दोन्ही वेळा मी मागच्या सिटवर होते, नुसती. बाजारात त्यांनी कापडवाल्याशी असं भांडण काढलं, की मला खात्री पटली, ही बाई बरी होतेय.

परेडच्या आदल्या दिवशी दुपारी जीपने निघायचं ठरलं. रात्री अकोल्यात नातलगांकडे मुक्काम, सकाळी मैदान. आत लालीबाई आणि अमरसिंग, बाकीचे फाटकाबाहेर, आणि फाटकाला लागून मी. जीपमध्ये कुठे बसायचं, आत कुठे उभं राहायचं, भीती चढली तर मला कशी खूण करायची, सगळं मी ठरवून दिलं. माझी तयारी अगदी चोख होती.

निघायच्या दिवशी सकाळीच राजकुमारचा फोन आला. "मॅडम, याडी घरात नाही." याडी म्हणजे आई. "पहाटच्या एसटीनं गेली वाटते."

मी स्कूटी काढली. तांड्यात गेले तर उंबऱ्यावर बाटली, कांदा आणि लिंबू ओळीने मांडून ठेवलेले. लालीबाईंनी सगळ्यांच्या हातावर तुरी दिल्या होत्या. गंमत म्हणजे तांडा शांत होता. नायक म्हणाले, "येईन ना. नाही तं पोचन." त्यांचं औषध पूर्ण झालं होतं.

माझं नव्हतं झालं. मी स्कूटी यवतमाळच्या स्टँडवर घातली. अकोल्याची गाडी नुकतीच सुटली होती. तिच्यामागे निघाले, छाती धडधडतेय, हात घामेजलेले, डोळ्यांपुढे लालीबाई दोन सिटांच्या मधे पडलेल्या आणि लोक पाय वर घेऊन बसलेले. लोहाऱ्याच्या थांब्यावर गाडी प्रवासी घ्यायला थांबली होती. खिडकीशी लालीबाई, शेंगा सोलत. मी खिडकी वाजवली.

"अवं पोरी, तू कोठी निघाली?"

"तुमच्या मागं."

"काहून?"

"काहून म्हणजे? काकू, काही झालं असतं तर?"

"मंग?"

"पडल्या असत्या तर?"

"मंग?"

"मंग कोणी..." मी म्हणता म्हणता थांबले. ते वाक्य नायकांचं होतं.

लालीबाईंनी शेजारच्या बाईकडे बोट दाखवलं. "ही इंदूबाई, दारव्ह्याची. मागचे ते गुरुजी. कंडक्टर फकिरा. साऱ्याईले सांगून ठेवलं, मी लाली राठोड, पोरीच्या परेडले चालली. पडली तं उचलतीन. नाही पडली तं शेंगा खातीन." इंदूबाईंनी शेंगांनी भरलेली ओंजळ वर करून दाखवली.

ही नवीन कुबडी आहे का, असं मॅडमनी नक्की विचारलं असतं. मी मॅडमना हा भाग कधी ऐकवला नाही.

"तुही भीती किती हाय आता? शंभरातून?" लालीबाईंनी विचारलं.

"नव्वद."

"उभी राह्य येथीच. उतरते ते. मागं मागं येऊ नोको." कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली, तशा त्या खिडकीतून वाकल्या. "आन तो कांदा कायले आणला?"

मी खाली पाहिलं. स्कूटीच्या पुढच्या जाळीत बाटली, कांदा आणि लिंबू होते. उंबऱ्यावरून ते मी कधी उचलले, मला आठवत नव्हतं.

मी लोहाऱ्याच्या थांब्यावर उभी राहिले. खूप वेळ लागला, पण उतरली. मग मी घरी गेले, आणि दुपारच्या जीपमध्ये बसले नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात असताना बबिताचा फोन आला. कानाला लावला आणि पलीकडून टाहो ऐकू आला, बाईमाणसाचा, मोठा. मी खुर्चीतून उठले. "बबिता, काय झालं? पडल्या का?"

"नाही मॅडम." बबिताचा आवाज भरलेला होता. "याडी भेटली ना, अथीच मैदानात. आमच्यात बाया भेटल्या की गळ्यात पडून असंच रडतात, सुरात. साहेब लोक भेले, डॉक्टरले बलावत होते. मी म्हटलं, काही झालं नाही, ही माही आई हाय."

मग ती फोनवर बोलेनाशी झाली, कारण तीही रडायला लागली, आईच्याच सुरात. मी दोन्ही हातांनी फोन धरून ऐकत बसले. एवढं सुरेल रडणं माझ्या कानांवर कधी पडलं नव्हतं आणि डोळे पुसायला हातही रिकामा नव्हता.

तेवढ्यात, फोनच्या अगदी जवळ, कुणीतरी शिंकलं. दणदणीत, मिशांतून.

आत घरटी दोनच माणसं सोडणार होते. मी बबिताला काही विचारलं नाही.